आडनाव विचारणारे दार

पुसदला घर घ्यायला निघालेल्या बौद्ध माणसाला बजेट किती, हे नंतर विचारतात. आधी आडनाव विचारतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही घर पाहू लागलो तेव्हाचा हा अनुभव आहे आणि तो आमच्या एकट्याचा नाही. फोनवर "साहेब, आजच येऊन पाहा" म्हणणारा दलाल समोर आल्यावर आडनाव विचारतो आणि ते ऐकताच मालकाच्या भावाभावांत एकाएकी वाद निघतो. दुसऱ्या ठिकाणी सांगितले गेले, "बिल्डिंगमध्ये मटण चालत नाही." आम्ही म्हटले, आमच्याकडेही रोज शिजत नाही. त्यावर ते फक्त हसले. तिसऱ्या ठिकाणी चार दिवसांत भाव दोन लाखांनी चढला. 'नाही' हा शब्द मात्र कोणीच उच्चारला नाही.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून त्यांना काही दिवस काढावे लागले आणि शेवटी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तेथूनही त्यांना बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाची ही गत होती! आज काठीची गरज उरलेली नाही. दलालाचा गोड आवाज तेच काम करतो आणि त्याची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही.

पुसद हे काही मोठे शहर नाही. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सत्तर हजारांवर होती. पण महागाव, उमरखेड, दिग्रसकडची माणसे शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, नोकरीसाठी इथे येतात. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री या भागाने दिले. बंजारा, बौद्ध, मुस्लिम, आंध आदिवासी, मराठा, मारवाडी असे सगळे या गावात नांदतात. बाजारात सगळे एकत्र असतात, घराच्या दाराशी आले की वेगळे होतात. म्हणून आमच्या शिक्षक, कारकून, कंडक्टर, नर्स भगिनींपुढे तीनच वाटा उरतात. वस्तीतल्या वडिलोपार्जित दोन खोल्यांत भावांसह राहायचे, गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये प्लॉट घ्यायचा, नाही तर गावात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमधला जुना फ्लॅट पाहायचा.

प्लॉटचे वेड आपल्या लोकांना फार आहे. स्वतःची जमीन हवी, ही भूक पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती आम्हाला समजते. पण शेताचे तुकडे पाडून, अकृषक परवानगी न घेता विकलेल्या प्लॉटवर किती जणांची ग्रॅच्युइटी अडकली, ते ज्याचे त्याला ठाऊक. तिथे रस्ता नाही, नाली नाही, बांधकामाला बँक कर्ज देत नाही. त्यापेक्षा गावातला जुना फ्लॅट बरा, असे आमचे मत झाले. नव्या बिल्डिंगपेक्षा तो स्वस्त असतो, शाळा आणि बसस्थानक जवळ असते आणि मुख्य म्हणजे अशा जुन्या बिल्डिंगमध्ये सगळ्या समाजांची माणसे आधीच येऊन बसलेली असतात. मूळ मालकांपैकी पैसेवाले नव्या बंगल्यात गेलेले असतात. मागे राहिलेल्यांना आडनावापेक्षा मेंटेनन्सची काळजी जास्त असते.

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, बाबासाहेबांनीच स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती, मग तुम्ही वस्ती का सोडता? प्रश्न रास्त आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला, हे खरेच आहे. पण ती मागणी कोणासाठी होती? गावगाड्यात सवर्णांच्या शेतावर पोट असलेल्या, गावकुसाबाहेर राहणाऱ्या भूमिहीन माणसासाठी होती आणि तिच्याबरोबर जमिनीची मागणी होती. जमीन नसलेली वेगळी वस्ती म्हणजे जुनाच महारवाडा, नाव फक्त नवे. आणि बाबासाहेबांनी स्वतःचे घर कुठे बांधले? दादरच्या हिंदू कॉलनीत. ग्रंथांसाठी बांधलेले 'राजगृह' तिथे आजही उभे आहे.

आता कायद्याचे पाहू. घटनेचे कलम १५ शासनाला बांधते, दुकाने, हॉटेले, विहिरी खुल्या करते. पण खासगी माणसाने जात पाहून घर विकायला नकार दिला, तर त्याला थेट जाब विचारणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात अजून नाही. अमेरिकेत तो १९६८ सालीच झाला. आपल्याकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरते राखण्याची मुभा दिली. निकाल सहकाराच्या स्वायत्ततेच्या नावाने लागला, पण त्याचा आधार घेऊन कोण कोण दारे लावून घेऊ शकते, याचा विचार चळवळीने पुरेसा केला नाही, असे आम्हाला वाटते.

तरीही हातात काहीच नाही, असे समजू नये. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोलणे हवेत विरते. हस्तांतरणाच्या नावाने लाखाची मागणी झाली तर तीही बेकायदा आहे. मोठ्या शहरातसुद्धा त्या रकमेची कमाल मर्यादा २५ हजार आहे, नगरपालिका क्षेत्रात त्याहून कमी. आणि राहायला गेल्यावर पाणी तोडणे, बोलणे टाकणे असले प्रकार झाले तर २०१६ पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

हे दुखणे एकट्या भारताचे नाही. नेदरलँड्ससारख्या सुधारलेल्या देशात रॉटरडॅम शहरासाठी २००६ पासून एक कायदा लागू झाला. शहर-परिसरात सहा वर्षे न राहिलेल्या आणि कामाचे उत्पन्न नसलेल्या माणसाला ठराविक गरीब, मिश्र वस्त्यांत भाड्याचे घर नाकारता येते. एक एकटी आई त्याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि २०१७ मध्ये तिथेही हरली. तिथे तुर्की, मोरोक्कन, सुरिनामी माणसे शेजारी राहतात ती अशाच जुन्या, स्वस्त इमारतींत. गरिबाच्या वस्तीतसुद्धा गरिबाला पहारा लागतो, तो तिथे उत्पन्नाच्या नावाने, इथे आडनावाच्या नावाने.

शेवटी आम्ही फ्लॅट घेतला तो दुसऱ्या मजल्यावरचा. खाली बंजारा कुटुंब, समोर मुस्लिम शिक्षक, वर एक निवृत्त मारवाडी गृहस्थ. घेताना जे शिकलो ते सांगणे कर्तव्य समजतो. भिंतीचा रंग पाहू नका, जमिनीतला अविभाज्य हिस्सा खरेदीखतात लिहिला आहे का ते पाहा. बिल्डिंग एक दिवस पडेल, जमीन राहील आणि तुमचा वाटा कागदावर नसेल तर काहीच राहणार नाही. आखीव पत्रिकेवर नाव कोणाचे आहे? नगरपालिकेने मंजूर केलेला नकाशा आहे का? त्यात नसलेला मजला नंतर चढवला का? अपार्टमेंटचे घोषणापत्र नोंदवले आहे का? आधीच्या मालकाचे कर्ज, टॅक्स, वीजबिल थकले आहे का? पावसाळ्यात एकदा जाऊन स्लॅब बघा. गंजलेली सळई उन्हाळ्यात दिसत नाही. इसार देण्याआधी वकिलाला पाच-सात हजार द्यायला आपले लोक कचरतात आणि मग पाच-सात लाखांना फसतात. घर पत्नीच्या नावाने घ्या, १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ज्या बापाने हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, त्याच्या लेकरांना हे सवलतीसाठी करावे लागावे, याची थोडी लाज वाटते, पण करा.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. मिश्र बिल्डिंगमध्ये गेल्यावर हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेणारे बांधव आम्ही पाहिले आहेत. दारावरच्या पाटीवर आडनाव न लिहिता केवळ 'गुरुजी' लिहिणारेही पाहिले आहेत. भीती समजते, पण बडोद्यात नाव लपवण्याची पाळी आली ती नाइलाजाने, आज नाइलाज कसला? आणि दुसरी गोष्ट त्याहून कडू. आमच्याच एका परिचिताने आपला जुना ब्लॉक विकताना दलालाला बजावले, "मुसलमानाला दाखवू नको, बिल्डिंगवाले नाराज होतील." आम्ही त्याला विचारले, तुला हे वाक्य कुठे ऐकल्यासारखे वाटत नाही का? तो गप्प राहिला. ब्लॉक मात्र त्याने त्याला हव्या त्या माणसालाच विकला.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीला यंदा गळती लागली आहे. प्रत्येकी अकरा हजार वर्गणी ठरली. वरच्या मारवाडी काकांनी आधी आम्हाला हिशेब ठेवायला सांगितले, मग एप्रिलमध्ये विचारले, "चौदा तारखेला तुमच्याकडे येऊ का, की तुम्ही मिरवणुकीला जाणार?" आम्ही सांगितले, दोन्ही जमेल, सकाळी या. ते आले. समोरचे गुरुजीही आले. तिसऱ्या मजल्यावरचे एक कुटुंब आले नाही, ते अजून आमच्याशी बोलत नाही. त्यांची वर्गणी मात्र आमच्याकडे जमा आहे, पावती दिली आहे.