डिग्री नको म्हणणं कुणाला परवडतं?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी आमच्याकडे फोन सुरू होतात. कुठली शाखा घेऊ, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी भरायचा, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो. यंदा जळगावहून ओळखीच्या एका रिक्षावाल्या भाईंचा फोन आला, तो जरा वेगळा होता. "पोराला ७१ टक्के पडलेत. पण अ‍ॅडमिशन घ्यायचीच नाही म्हणतो. तुम्ही एकदा येऊन समजवा."

मी गेलो. मुलगा मामूंबरोबर एसी दुरुस्तीच्या कामावर जातो. काम आटोपून आला, पाणी प्यायला आणि मी तोंड उघडण्याआधीच त्याने हिशेब मांडला. "चाचा, बडे अब्बांचा मुलगा बी.कॉम. झालाय. आज पार्सल पोचवतो. मी उन्हाळ्यात महिन्याला पंधरा हजार घरी देतो. तीन वर्षं कॉलेजला गेलो तर फी जाणार आणि ही कमाईही जाणार. शिवाय अझीम प्रेमजींनीही कॉलेज सोडलंच होतं ना? त्यांची कंपनी तर आपल्या अमळनेरची!"

माझं भाषण खिशातच राहिलं. कारण त्याचं निम्मं म्हणणं खरं होतं.

आधी ते निम्मं मान्य करू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीच्या मानव विकास संस्थेने २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. त्यात आपल्या नावाची अडचण वेगळीच. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त नावं बदलून. मुस्लीम नावाच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता बरीच कमी निघाली. म्हणजे डिग्री हातात असूनही दार उघडेलच असं नाही. हे तरुणांपासून लपवून "शिका, सगळं ठीक होईल" असं सांगणं ही फसवणूक आहे.

पण ते आकडे नीट वाचायला हवेत. निरक्षर तरुण बेकार नाही, कारण बेकार राहणं त्याला परवडत नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर तो करतो. पदवीधर थांबतो, कारण त्याला बऱ्या कामाची आशा असते. ३.४ टक्क्यांमागे सुबत्ता नाही, नाइलाज आहे.

आता प्रेमजींचं. १९६६ मध्ये वडील वारले तेव्हा ते अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून परतले ते वडिलांनी १९४५ मध्ये सुरू केलेली वनस्पती तुपाची कंपनी सांभाळायला. कॉलेज सोडलं तेव्हा त्यांच्या हाताखाली एक अख्खा कारखाना होता. आणि गोष्टीचा शेवट कुणी सांगत नाही. सुमारे तीन दशकांनंतर, देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणना होत असताना, त्यांनी ती अर्धवट राहिलेली डिग्री पूर्ण केली. बिल गेट्स यांनीही कॉलेज सोडलं, पण ते हार्वर्ड होतं आणि वडील नावाजलेले वकील होते. धंदा बुडाला असता तर परतीची वाट मोकळी होती. डिग्री नको म्हणणं ज्यांना परवडतं त्यांची उदाहरणं आपण रिक्षावाल्याच्या मुलाला देतो, हे चुकतं.

ज्याच्यामागे कारखाना नाही, ओळख नाही, त्याच्यासाठी पदवी ही यशाची हमी नसली तरी रांगेत उभं राहण्याचा परवाना आहे. पोलीस शिपाई बारावीवर होता येतं, फौजदार नाही. तलाठी, बँकेतला क्लार्क, राज्यसेवा, यूपीएससी, सगळीकडे पहिली अट पदवीची. वकिली, फार्मसी, शिक्षकी यांत तर कायद्यानेच ठरलेली पात्रता लागते. या खुर्च्यांवर आपली माणसं का दिसत नाहीत, असा प्रश्न आपण सभांमध्ये विचारतो. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं होतं की वीस वर्षांवरील मुस्लिमांमध्ये पदवी किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहून कमी आहेत. त्यानंतरही घसरण झाली. उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये मुस्लीम विद्यार्थी सुमारे २१ लाख होते, २०२०-२१ मध्ये १९ लाखांवर आले. त्याच वर्षी देशातली एकूण विद्यार्थीसंख्या मात्र वाढली. २०२२ मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती थांबली आणि संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण बोलत असताना आपली मुलं स्वतःहून रांगेतून बाहेर पडत असतील तर तेही पाहिलं पाहिजे.

मी हे सांगत असताना त्याची बहीण चहा घेऊन आली. सहज विचारलं, तू काय करतेस? दहावीला ८६ टक्के. दोन वर्षांपूर्वी. पुढे? "घरीच असते," अम्मीने उत्तर दिलं. "कॉलेज लांब पडतं. दोघांचा खर्च झेपला नसता."

मला त्या घरी बोलावलं होतं ते मुलासाठी. मुलीसाठी दोन वर्षांत कुणी फोन केला नव्हता.

'डिग्री हवी की हुनर' हा वादच मुळात मुलांचा आहे. मुलाला गॅरेज आहे, दुकान आहे, मामूंची एसीची बॅग आहे. मुलीसाठी मोहल्ल्याबाहेर पडण्याचा बहुतेक वेळा एकच रस्ता असतो, तो कॉलेजचा. तो बंद झाला की स्थळं सुरू होतात. आणि एका भावंडाच्या शिक्षणाची किंमत बऱ्याचदा दुसऱ्याने मोजलेली असते. जालना जिल्ह्यातले अन्सार शेख एकविसाव्या वर्षी यूपीएससी उत्तीर्ण झाले, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्यांच्या भावाने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम केलं होतं, हे किती जणांच्या लक्षात राहिलं?

मग त्या मुलाने काय करावं? काम सोडून कॉलेजात बसावं, असं मी म्हटलं नाही. हुनर आणि डिग्री यांतलं एकच निवडायचं, हा समजच जुना झाला. त्याच्यासमोर मी दोन वाटा ठेवल्या. पहिली, आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड. त्यानंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दुसरी, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. हातातलं काम चालू राहतं. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

तो म्हणाला, "पण एसी दुरुस्त करायला बी.कॉम. कशाला?" मी विचारलं, "इन्व्हर्टर एसीचं सर्किट बिघडलं तर मामू काय करतात?" तो हसला. "कंपनीच्या माणसाला बोलावतात." आज पंधरा हजार देणारं काम दहा वर्षांनी तसंच राहणार नाही. तेव्हा स्वतःचं दुकान, जीएसटी, बँकेचं कर्ज यांपैकी काही हवं असेल तर शिकलेलं उपयोगी पडेल. आणि धंदा बसलाच तर दुसऱ्या रांगेत उभं राहता येईल.

आपल्या जमातींनी, मोहल्ला कमिट्यांनी, आमच्यासारख्या चळवळींनीही स्वतःला विचारावं. निकालानंतर गुणवंतांना शाल देऊन फोटो काढतो. ४५ टक्केवाल्याला आणि शिक्षण सोडून घरी बसलेल्या मुलीला शोधत कोण जातं? वर्षातले दोन रविवार मोहल्ल्यात टेबल टाकून फॉर्म भरून दिले, दाखले मिळवून दिले, एका मुलीच्या एसटी पासची सोय केली, तर शाल-नारळाहून ते मोठं काम आहे.

निघताना मुलाने मुक्त विद्यापीठाची माहिती मागून घेतली. तो फॉर्म भरेल की नाही, सांगता येत नाही. दाराशी भाई म्हणाले, "पोराला चांगलं समजावलंत." मी म्हटलं, "भाई, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. मुलीची दहावीची मार्कशीट काढून ठेवा."

तुमच्याही घरात अशी एखादी मार्कशीट पडून असेल. ती बाहेर काढा.