पोरगा आळशी नाही, पण संध्याकाळ कुठे जाते?

"डॉक्टर, हा फार आळशी झालाय. एखादं टॉनिक लिहून द्या." वडील विशीतल्या मुलाला घेऊन येतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं नॉर्मल. वडिलांना बाहेर बसवून विचारलं की कधी कधी खरं उत्तर मिळतं: "सर, रोज संध्याकाळी एक जॉइंट होतो. पण ते नॅचरल असतं ना?"

नॅचरल तर धोतराही असतो!

आपल्या मेंदूत गांजासारखं काम करणारा पदार्थ मुळातच तयार होतो. १९९२ साली तो सापडला, तेव्हा संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून त्याचं नाव 'आनंदामाइड' ठेवलं गेलं. एखाद्या गोष्टीसाठी किती कष्ट घ्यायचे, हा हिशेब मेंदू डोपामीनच्या मदतीने करतो आणि आनंदामाइड त्यात गरजेपुरती ढवळाढवळ करतं. गांजातलं टीएचसी त्याच जागी जाऊन बसतं, पण गरज असो वा नसो, तासन् तास.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१६ साली एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. १७ जणांना एकदा गांजाची आणि एकदा बिनअमलाची वाफ दिली. मग सांगितलं, करंगळीने कीबोर्डचं बटण ३० वेळा दाबा, ५० पेन्स मिळतील. १०० वेळा दाबा, जास्त मिळतील. दोन पौंड मिळणार असतानाही गांजाच्या अमलाखाली मेहनतीचा पर्याय ४२ टक्के वेळा निवडला गेला, एरवी ५० टक्के. फरक छोटा आहे. पण महत्त्वाचं पुढेच आहे: गांजाचं व्यसन असलेल्यांना त्यांनी नशेत नसताना तपासलं, तेव्हा ते इतरांपेक्षा निरुत्साही निघाले नाहीत.

म्हणून 'वाया गेलेला' हा शब्द मला मान्य नाही, आणि यावरून वडिलांशी माझा वाद होतो. मात्र मुलालाही मी सोडत नाही. अभ्यासाची संध्याकाळच रोज अमलात गेली, तर उरलं काय? शिवाय मेंदू खुणा शिकतो. मित्राचा मेसेज, कोपऱ्यावरची टपरी, लायटरचा आवाज. एवढ्यानेही तलफ येते. निर्धारापेक्षा आधी रस्ता बदला, असं मी सांगतो.

बंद केल्यावर पहिला आठवडा झोप लागत नाही, चिडचिड होते, भूक मरते. त्या दिवसांत घरच्यांनी टोमणे मारू नयेत. आणि वडिलांना काय सांगायचं, ते मी मुलाला विचारूनच सांगतो.