मळ आणि मूर्ती

दिवाळीपूर्वीची साफसफाई म्हणजे आमच्या घरातला एक छोटासा रणसंग्रामच. त्यात माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला माळ्यावरची पुस्तके झटकण्यापलीकडे अधिकार नसतो. एका वर्षी मात्र सौ.ने देवघर माझ्याकडे सोपवले. पितळेचे देव चिंचेने लखलखीत झाले, मला स्फुरण चढले आणि आजोबांनी पंढरपूरहून आणलेली वीतभर उंचीची, काळ्या दगडाची विठ्ठलमूर्ती मी तारेच्या घासणीखाली घेतली. पिढ्यांचे तेलकट कीट निघाले. आईने मूर्ती हातात घेतली, चेहऱ्यावरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाली, "अरे, मळ काढलास की डोळे?"

विठोबाचे आधीच झिजलेले डोळे मी पुसून टाकले होते!

तेव्हापासून जुन्या शिल्पांच्या सफाईविषयी कोठे काही छापून आले, की मी ते अपराध्याच्या उत्सुकतेने वाचतो. १९७२ साली जॉन अस्मस या अमेरिकन शास्त्रज्ञाने व्हेनिसमधल्या शिल्पांवरची काजळी लेसर किरणांनी काढून पाहिली. युक्ती मोठी गमतीची आहे. काळे कीट प्रकाश शोषते, क्षणात तापते आणि उडून जाते. खालचा पांढरा संगमरवर मात्र बराचसा प्रकाश परतवतो. त्यामुळे मळ संपला, की किरणाचे कामही जवळजवळ आपोआप थांबते. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवरील स्त्रीमूर्तीही २०११ ते २०१४ या काळात अशाच स्वच्छ झाल्या. कोठे थांबावे हे कळणारी घासणी! माझ्या हाताला तेवढेच कळले नव्हते.

पण आपला सह्याद्रीचा पाषाण मुळातच काळा. तोही प्रकाश शोषतो, म्हणून ही युक्ती येथे बेताने आणि पारखूनच वापरावी लागते. शेंदरावर तर हा किरण पडला, की शेंदूरच काळवंडतो. शिवाय आपल्याकडे मळ कशाला म्हणावे, हाही प्रश्नच आहे. तेल-शेंदराची पुटे ही काही धूळ नव्हे, ती लोकांची भक्तीच. मारुतीने खोळ टाकली, की आतली घडीव मूर्ती पाहून गाव हरखते. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीवरची शेंदराची पुटे उतरवली गेली, तेव्हाही देवीचे मूळ रूप पाहायला लोक लोटले होते.

पंढरीची गोष्ट याच्या उलट. तेथे पुटे चढण्याऐवजी मूर्तीच झिजत गेली. शतकानुशतकांचे अभिषेक आणि चरणांवर टेकलेले असंख्य हात! म्हणून तिला वज्रलेप करावा लागतो. २०२० सालीही तो झाला. २०२४ साली गाभाऱ्यातली चांदी उतरवून जुना दगड उघडा करण्यात आला. एकाच गाभाऱ्यात एकीकडे लेप द्यावा लागला, तर दुसरीकडे आवरण काढावे लागले. कोठे काय करायचे, हे ठरवणारी नजर मात्र यंत्रात नसते.

मध्यंतरी विद्यार्थ्यांना घेऊन हत्तरसंग-कुडलला गेलो होतो. भीमा-सीनेच्या संगमावरच्या त्या मंदिरात शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे. आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. एक उत्साही मुलगा बाटलीतले पाणी रुमालावर ओतत म्हणाला, "सर, जरा घासू का? अक्षरे स्पष्ट दिसतील."

"हात लावू नकोस!" मी एवढ्या जोराने ओरडलो, की पारवे उडाले. पोरगा बिचारा ओशाळला. मग त्याला बाजूला बसवून मी माझ्या घासणीची गोष्ट सांगितली. वर्गात इतक्या शांतपणे माझे कोणी कधी ऐकलेले नाही.

यंदाही माझ्या वाट्याला माळ्यावरची पुस्तकेच आली आहेत. देवघर आईकडे आहे. ती मऊ, कोरड्या धोतराच्या तुकड्याने विठोबा पुसते. डोळ्यांच्या जागी तिचा अंगठा क्षणभर थांबतो आणि मी पुस्तकांची धूळ जरा अधिकच जोराने झटकू लागतो.