पांढरीत सापडलेलं भंगारात घालू नका



सध्या आपल्याकडं मेटल डिटेक्टरचं खूळ वाढलंय. पोरं व्हिडीओ बघून ऑनलाइन मशीन मागवतात आणि जुन्या पांढरीत, पडक्या वाड्यात, गढीच्या कडेनं फिरवत बसतात. सगळ्यांना हंडा पाहिजे. हंडा काही निघत नाही. निघतं ते गंजकं लोखंड, हिरवं पडलेलं तांबं, एखादी शिशाची गोळी. मग ते भंगारवाल्याकडं किलोवर जातं. माझं म्हणणं एवढंच, की खरा माल तोच आहे आणि आपण तो मातीमोल करतोय.

आपला मुलूख साधा नाही. १७५० साली सांगोल्यातच करार होऊन छत्रपती रामराजांनी कारभार पेशव्यांच्या हाती दिला. शेजारी मंगळवेढा तालुक्यात माचणूरजवळ ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. त्याच्या आधी आदिलशाही. एवढ्या फौजा, घोडी, बैल इथनं गेले, तर त्यांचं पडलं-झडलं आपल्याच रानात असणार.

आता ओळखायचं कसं? अखंड वाकवलेला नाल असेल तर घोड्याचा. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून त्याच्या पत्र्या चपट्या आणि जोडीनं असतात. जाड लोखंडी पट्टी मोठ्या गोलाईची असेल तर गाडीच्या चाकाची धाव असू शकते. फाळ, मोटेचं कडं, वाड्याच्या दाराची बिजागरी ही गावातला जुना लोहार किंवा सुतार बघताक्षणी सांगतो. ती माणसं आता हाताच्या बोटावर मोजण्याइतकी राहिलीत, म्हणून दाखवायचं असेल तर आत्ताच दाखवा. वजनाला जड, वर पांढुरकी साय आलेली गोळी ही शिशाची, बंदुकीची. चेपलेली असेल तर ती कशावर तरी आदळलेली, गोल असेल तर बहुतेक नुसती पडलेली.

नाण्यात आपल्याकडं जास्त चर्चा शिवराईची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. ती पुढं पेशवाईतही पाडली जात होती. अक्षरांच्या मधी दोन दांड्या असतील तर ती दुदांडी, म्हणजे नंतरची. राणीच्या नाण्यावर ‘क्वीन’ असेल तर १८७६ पर्यंतचं, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ नंतरचं. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला. राम-सीतेचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं नाणं कुणी लाखाला मागत असेल तर सावध राहा. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली दिलाय. तांदूळ ओढणाऱ्या तांब्याचीही तीच गत. त्या नादात किती जणांनी पैसा घालवलाय, आपण ऐकतोच.

वस्तू सापडली की आधी चिंच, लिंबू, राख लावून घासायची घाई करू नका. वरचा हिरवा थर गेला की अक्षरंही जातात. आहे तशी कोरडी ठेवा. शेजारी एक रुपया ठेवून फोटो काढा. गट नंबर, बांधापासून किती पावलं, किती खोल, हे लिहून ठेवा. आपण माती परीक्षणाला नमुना देतो तेव्हा पिशवीवर गट नंबर आणि खोली नसली तर तो रिपोर्ट काय कामाचा? हेही तसंच. नांगरटीच्या थरातली वस्तू आधीच हललेली असते. त्याच्या खाली मशीन वाजलं तर खणू नका, जागा टिपून ठेवा.

जागेची नोंद नसली की काय होतं ते दायमाबादला दिसलं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली झाडाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा चार धातूच्या मूर्ती निघाल्या. वजन मिळून ६० किलोच्या वर. जगात नाव झालं. पण त्या नेमक्या कुठल्या थरातून आल्या हे निघताना कुणी टिपलं नव्हतं, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद राहिला.

आता कायद्याचं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला १० रुपयांच्या वरचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ऐवज बिनमालकाचा ठरला आणि आपसात वेगळं ठरलेलं नसलं, तर सापडवणाऱ्याला पाऊण हिस्सा, जागामालकाला पाव. लपवलं तर हिस्सा जातो, वर तुरुंगही होऊ शकतो. पण सरकारनं ऐवज स्वतःकडं घ्यायचा ठरवला तर मोबदला काय, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग. शिवराईच्या तांब्याची किंमत ती किती येणार? माझ्या मते कायदा इथंच कच्चा पडतो. चार हेलपाटे, रान अडकायची भीती आणि हातात काही नाही. मग माणूस भंगारवाला जवळ करतो, त्याला एकट्याला दोष देऊन भागत नाही.

इंग्लंडात हॉक्सन गावी १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. तो शोधायला एरिक लॉस नावाच्या मित्रानं मशीन लावलं, तर रोमन काळातली सुमारे १५ हजार नाणी लागली. त्यांनी सगळं उपसलं नाही, वेळीच कळवलं. पुढचं पुरातत्त्ववाल्यांनी नीट काढलं. साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, ते लॉस यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. १९९७ पासून तिथं किरकोळ वस्तूंचीही नोंद करतात आणि वस्तू ज्याची त्याला परत देतात.

आपल्याकडं एवढं तरी व्हावं. वर्षातनं एक दिवस तालुक्याला पुरातत्त्व विभागाचा जाणकार माणूस बसावा. शेतकऱ्यानं नाल, नाणी, गोळ्या न्याव्यात, नोंद व्हावी, साधी वस्तू लगेच परत मिळावी, मोलाच्या वस्तूला खरा मोबदला मिळावा. दुसरीकडं आपणही संरक्षित वास्तूच्या हद्दीत मशीन नेऊ नये आणि ‘निम्मं तुमचं, निम्मं आमचं’ म्हणणाऱ्या परक्या टोळक्याला रानात पाय ठेवू देऊ नये. पांढरीची माती ट्रॉलीनं रानात टाकायला नेता, तेव्हा जेसीबीच्या बकेटमध्ये काय येतंय तेवढं तरी बघत जा. ती माती एकदा पसरली की गावाचा तेवढा इतिहास परत गोळा होत नाही.