रजोनिवृत्तीनंतरचे दुखणे : व्याज आणि मुद्दल

घरातील ज्येष्ठ स्त्रीची वर्षात तिसऱ्यांदा लघवीची तपासणी होते, तिसऱ्यांदा प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू होतात, पाच-सात दिवसांत जळजळ थांबते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच सुरू होते. घरची मंडळी म्हणतात, पाणी कमी पिते म्हणून होते. ती स्वतः म्हणते, वयाचे आहे, चालायचेच. दोन्ही बोलण्यांत थोडे तथ्य आहे. परंतु मूळ कारणापर्यंत दोन्ही पोहोचत नाहीत. नुसते व्याज भरत राहिल्याने मुद्दल फिटत नाही, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावे लागत नाही. पन्नाशीनंतर वारंवार होणारी लघवीची जळजळ हे बहुतेक वेळा असेच व्याज असते. मुद्दल दुसरीकडे असते, आणि त्याविषयी घरात कोणी बोलत नाही.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी कायमची थांबते. त्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण फार कमी होते. योनिमार्ग, त्याच्या बाहेरची त्वचा, मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा खालचा भाग हे सारे याच संप्रेरकावर पोसलेले असतात. ते कमी झाले की तेथील अस्तर पातळ होते, रक्तपुरवठा घटतो आणि ओलावा कमी होतो. एरवी या अस्तरातील साखरेवर लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जीवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे आतड्यातील रोगजंतूंना तेथे थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन गेले की हे रक्षकही कमी होतात, आम्लता घटते आणि रोगजंतूंना मूत्रमार्गाकडे जाणारी वाट मोकळी मिळते.

म्हणूनच कोरडेपणा, खाज, आग, चालताना कपड्याचे घासणे, शरीरसंबंधात वेदना, घाईने लघवीला लागणे, रात्री दोन-तीनदा उठावे लागणे आणि वारंवार जंतुसंसर्ग होणे या वेगवेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी अनेकदा एकाच खात्यावरील नोंदी असतात. वैद्यकशास्त्रानेही 2014 मध्ये या सर्वांना मिळून एकच नाव दिले : रजोनिवृत्तीजन्य जननमूत्र लक्षणसमूह. रजोनिवृत्तीनंतर साधारण निम्म्या स्त्रियांना याचा कमी-अधिक त्रास होतो. अंगातून वाफा निघणे, घाम येणे हे त्रास काही वर्षांत बहुधा आपोआप ओसरतात. हा त्रास मात्र उपचाराविना ओसरत नाही, उलट वाढत जातो.

या विषयाला शरीरसंबंधाचा संदर्भ असल्याने अनेक घरांत तो टाळला जातो. ज्या दांपत्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे पच्चक्खाण घेतले आहे, त्यांतील स्त्रियांना तर हा प्रश्न आपला नाहीच असे वाटते. तो समज सोडला पाहिजे. त्वचेचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ व्रताकडे पाहून येत नाही. सत्तर वर्षांच्या विधवेलाही हा त्रास होतो आणि तिलाही उपचाराचा तितकाच अधिकार आहे. विवाहित स्त्रीला वेदना होत असतील तर पतीनेही ती टाळाटाळ किंवा रुसवा समजू नये. पातळ झालेल्या अस्तराला घर्षण सोसत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आपल्या राहणीतील काही गोष्टींमुळे या दुखण्यात भर पडते. बाजारपेठेतील जुन्या दुकानांत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह क्वचितच असते. गल्ल्यावर बसणारी स्त्री सकाळपासून पाणी पिणे टाळते आणि लघवी रोखून धरते. लग्नकार्यात व तीर्थयात्रेच्या प्रवासातही तेच घडते. चौविहार करणारी स्त्री सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंत पाणी घेत नाही. दिवसाही पाणी कमी झाले तर लघवी दाट होते आणि जळजळ वाढते. येथे व्रत सोडण्याचा प्रश्न नसून दिवसाच्या नियोजनाचा प्रश्न आहे. नवकारसीनंतर दर दीड-दोन तासांनी एक पेला उकळलेले पाणी घ्यावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी दीड ते दोन लिटर सहज होते. सगळे पाणी सूर्यास्ताच्या तोंडावर एकदम पिऊ नये. त्याने रात्रीचे उठणे वाढते. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. जंतुसंसर्ग चालू असताना, विशेषतः ताप असताना, निर्जळ उपवासाचा आग्रह धरू नये. आजारपणासाठी पच्चक्खाणात आगार असतात. त्याविषयी साध्वीजींना मोकळेपणाने विचारावे.

आता उपचाराकडे वळू. पहिली पायरी खर्चाची नाही, सोडून देण्याची आहे. नाजूक जागी साबण, जंतुनाशक द्रव, सुगंधी द्रव्ये आणि पावडर वापरू नये. साधे कोमट पाणी पुरेसे असते. ‘अधिक स्वच्छता’ म्हणून आतून धुण्याने उरलेसुरले उपकारक जीवाणूही जातात. अंतर्वस्त्र सुती असावे. थेंब-थेंब लघवी गळते म्हणून दिवसभर पॅड लावण्याची सवय असेल तर ते वेळेवर बदलावे, आणि मूळ गळतीवर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

दुसरी पायरी संप्रेरकविरहित मलमांची. यांत दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक ओलावा टिकवणारे, जे दर दोन-तीन दिवसांनी नियमाने लावायचे असते, शरीरसंबंध असो वा नसो. दुसरे वंगणासारखे, जे केवळ संबंधाच्या वेळी वापरायचे असते. सौम्य त्रासाला एवढ्याने आराम पडतो.

एवढ्याने भागले नाही, किंवा जंतुसंसर्ग पुनःपुन्हा होत असेल, तर तिसरी पायरी म्हणजे योनिमार्गात लावायचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन. मुद्दल फेडणारा उपाय तो हाच. सामान्यतः पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा ते लावायचे असते. काही आठवड्यांत फरक जाणवू लागतो, पूर्ण लाभास तीन महिने लागू शकतात. आणि थांबवले तर त्रास परततो, म्हणून ते चालू ठेवावे लागते. याचा पुरावा जुना आहे. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या 93 स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रिऑलचे मलम आणि इतरांना औषधविरहित मलम देण्यात आले. दुसऱ्या गटात दर स्त्रीमागे वर्षाला सरासरी 5.9 वेळा संसर्ग झाला. इस्ट्रिऑल लावणाऱ्यांत तो 0.5 वर आला. मलमाची ट्यूब काही शे रुपयांत येते आणि कित्येक आठवडे पुरते. वर्षातील तपासण्या, गोळ्या आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू तयार होण्याचा धोका शेजारी मांडून पाहिला, तर हिशेब स्पष्ट होतो.

‘हार्मोन’ हा शब्द ऐकताच घरातली मंडळी कर्करोगाच्या भीतीने मागे सरतात. ही भीती प्रामुख्याने 2002 साली अमेरिकेत गाजलेल्या एका मोठ्या चाचणीतून आली. ती पोटात घ्यायच्या गोळ्यांची चाचणी होती. मलमातील अल्प मात्रा बहुतांशी जागेवरच काम करते, रक्तात फारच थोडी उतरते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 45 हजारांहून अधिक स्त्रियांच्या निरीक्षणात असे स्थानिक इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत स्तनांचा वा गर्भाशयाचा कर्करोग किंवा हृदयविकार वाढल्याचे आढळले नाही. ज्यांना स्तनांचा कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी मात्र आधी संप्रेरकविरहित उपाय करावेत आणि पुढील निर्णय कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न रास्तपणे विचारला जाईल : औषध कशापासून बनते? इस्ट्रोजेनचा ‘कॉन्ज्युगेटेड’ या नावाने विकला जाणारा एक जुना प्रकार गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढतात. इस्ट्रिऑल अथवा इस्ट्रॅडिऑलसाठी तसे करावे लागत नाही. म्हणून डॉक्टरांना आपली भूमिका सांगून चिठ्ठीवर कोणते नाव आहे ते पाहून घ्यावे. जिलेटिनच्या आवरणाची कॅप्सूल नको असेल तर मलम मागावे. हे औषध पोटात घ्यायचे नसल्याने रात्री लावण्यात चौविहाराची अडचणही येत नाही.

काही सावधगिरी आवश्यक आहे. पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसले, तरी ‘कोरडेपणामुळे असेल’ असे मानू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावीच. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणे ही लक्षणे थांबण्याची नाहीत. सतत खाज असेल तर रक्तातील साखर तपासावी. मधुमेहावरील काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि त्याने बुरशीचा संसर्ग वाढतो; अशी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. याउलट, कोणताही त्रास नसताना लघवीच्या अहवालात केवळ जंतू दिसले, तर या वयात सहसा प्रतिजैविक लागत नाही. अहवालावर नव्हे, त्रासावर उपचार करायचा असतो. यंत्राने अथवा लेझरने ‘कायाकल्प’ करण्याच्या जाहिरातींना भुलू नये. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्येच अशा उपचारांविषयी इशारा दिला आहे. हजारो रुपयांची ही उपकरणे मलमाची जागा घेऊ शकतील असे सिद्ध झालेले नाही.

घरातील सून वा मुलगी या कामी मोठी मदत करू शकते. सासूबाई स्वतःहून बोलणार नाहीत. “तपासणीला मी बरोबर येते” एवढे वाक्य पुरते. डॉक्टरांकडे जाताना वर्षात किती वेळा संसर्ग झाला, कोणत्या गोळ्या घेतल्या, रात्री किती वेळा उठावे लागते, हे तारखांसह एका कागदावर लिहून न्यावे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी मूळ कारणाविषयी विचारावे. आणि कुटुंबाच्या दुकानात स्त्रिया बसत असतील, तर तेथे एक स्वच्छ स्वच्छतागृह बांधणे हा पुढच्या दिवाळीच्या रंगरंगोटीआधी करण्याचा खर्च आहे.