दगडावर तिरपा उजेड

तुमच्या गावात मारुतीच्या देवळामागे किंवा महादेवाच्या आवारात एखादा उभट, कोरीव दगड भिंतीला टेकवून ठेवलेला आहे का? त्यावर एकावर एक कप्पे असतात. सगळ्यांत खाली आडवा पडलेला माणूस, कधी शेजारी गाई. त्याच्यावर ढाल-तलवारीची लढाई. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत आणि सगळ्यांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य. हा वीरगळ! लढता लढता मेलेल्या वीराचं स्मारक. त्याची गोष्ट खालून वर वाचायची, बरं का! मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला तर वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे.

यातले कितीतरी दगड आज शेंदराच्या आणि ऑइलपेंटच्या थरांखाली गेले आहेत. काही देवळाच्या नव्या ओट्यात सिमेंटनं बसवले गेले, काहींवर कपडे आपटले जातात. ऊन-पाऊस तर आहेच. दगडाची झीज आपल्याला थांबवता येणार नाही, पण आज तो कसा दिसतो ते टिपून ठेवता येईल. त्यासाठी घरातला मोबाइल, फूटपट्टी, बॅटरी आणि आरसा एवढं पुरे.

“हॅ! फोटो तर आम्ही रोज काढतो,” असं म्हणाल. काढता, पण त्यात ताई दोन बोटं वर करून हसत असते आणि दगड बिचारा तिच्या मागे लपलेला असतो! तो आठवणीचा फोटो झाला. नोंदीचा फोटो वेगळा, आणि त्याची ताकद केवढी असते ते ऐका. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतन गावच्या देवळातून नटराजाची कांस्यमूर्ती चोरीला गेली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं ती विकत घेतली. पण पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे ती मूर्ती देवळात असतानाचा फोटो होता. दोन्ही फोटो शेजारी ठेवून जुळवले गेले आणि २०१४ मध्ये नटराज भारतात परत आला.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट उजेडाची. ऊन समोरून थेट पडलं, की झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं. तेच ऊन बाजूनं दगडाला घासून गेलं, की प्रत्येक खाचेत सावली बसते आणि मघाशी न दिसलेली तलवारसुद्धा उठून दिसते. वीरगळाचं तोंड पूर्वेला असेल, तर सकाळचं ऊन थेट त्याच्या अंगावर येतं. मग दुपार होत येईपर्यंत थांबा. दगड कायम सावलीत असेल, तर मित्राला आरसा घेऊन बाजूला उन्हात उभं करा आणि कवडसा दगडावर तिरपा पाडा. (कुणाच्या डोळ्यांत नको!) संध्याकाळी अंधारात बॅटरी दगडाच्या कडेला धरूनही हेच करता येतं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. फ्लॅश मात्र बंद, कारण तोही समोरूनच पडतो.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून काही लोक शिलालेखावर पीठ, खडू किंवा तेल चोळतात. मोठी माणसं करत असली तरी तुम्ही करू नका. उजेड दगडाला काही चिकटत नाही, तेल चिकटतं.

दुसरी गोष्ट मापाची. पट्टी दगडाच्या शेजारी, त्याच्या पुढच्या पृष्ठभागाच्या रेषेत उभी धरा. पट्टी नसली, तर पुठ्ठ्याच्या लांब तुकड्यावर दर १० सेंटिमीटरला काळा आणि पांढरा रंग द्या. झालं माप तयार! ते नसेल, तर दगड हातभर आहे की पुरुषभर, हे फोटो पाहणाऱ्याला कसं कळणार?

फोटोवरून माप घेण्याची कल्पना फार जुनी आहे. १८५८ मध्ये अल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा जर्मन वास्तुतज्ज्ञ वेट्झलारच्या चर्चवर चढून मापं घेत होता. तो उंचावरून पडता पडता वाचला. तेव्हा त्याच्या मनात आलं, की जीव धोक्यात घालण्यापेक्षा फोटोवरूनच मापं का घेऊ नयेत? पुढं त्यानं यासाठी संस्था उभारून इमारतींचे हजारो फोटो घेतले. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या काही इमारती उभारताना तेच कामी आले.

आपणही ते करू शकतो. सावलीत किंवा ढगाळ दिवशी वीरगळाभोवती अर्धगोल चाला आणि दर पावलाला एक फोटो घ्या. एका जागी उभं राहून नुसतं वळायचं नाही, स्वतः सरकायचं. झूम करायचा नाही. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग पुन्हा यायला हवा. आपले दोन डोळे दोन जागांवरून पाहतात म्हणून खोली कळते, तसंच हे. पुढं ‘मेशरूम’सारख्या मोफत संगणक-प्रणालीत हे फोटो घातले, की दगडाची फिरवून पाहता येणारी प्रतिकृती तयार होते. संगणक नसला तरी फोटो घेऊन ठेवा. दहा वर्षांनीही कुणीतरी ते काम करील.

पालकहो, मुलांबरोबर तुम्हीही जा. बारवेच्या काठावर, पडक्या भिंतीवर मुलांनी चढायचं नाही. देवळात गुरवांना आधी विचारा. दगडाबद्दल ते जे सांगतील तेही वहीत उतरवा, ते फोटोत येत नाही.

परत निघण्याआधी तिथंच फोटो मोठे करून पाहा. एखादा हललेला असतोच! वहीत गाव, जागा, तारीख, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आणि कच्चं चित्र, एवढं हवंच. आणि मोबाइल बदलला की फोटो गेले, हे घरोघरी घडतं. म्हणून चांगले चार-पाच फोटो कागदावर छापून घ्या, मागं पेन्सिलीनं माहिती लिहा आणि एक संच शाळेच्या ग्रंथालयात द्या.