टीव्ही गेम भंगारात जाण्याआधी

29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि संगणकयुगाच्या सरकारी इतिहासात नंदुरबार जिल्ह्याचं नाव लागलं. घरांतला इतिहास त्याआधीच सुरू झाला होता. नव्वदच्या दशकात आणि नंतरची काही वर्षं, आपल्याकडच्या लहान शहरांत ज्या मुलांनी संगणक पाहिलाही नव्हता त्यांच्या हाती प्रोसेसर आला तो टीव्ही गेमच्या रूपात. निन्टेन्डोने 1983 साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची ती स्वस्त नक्कल. 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी ती विकली गेली, पुढे तर नावाशिवायही. कॅसेट खोचायची, चॅनल जुळवायचा, की मारिओ नाहीतर काँट्रा सुरू. हे संच आता भंगारात चालले आहेत. त्यांतले काही चालू स्थितीत आणि सार्वजनिक जागी जपायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं.

नकली माल कशाला जपायचा, हा पहिला आक्षेप. मूळ फॅमिकॉम जपायला जपान आणि अमेरिकेतले संग्राहक व संग्रहालयं समर्थ आहेत. पण आपल्या मुलांनी खेळला तो हा नकली संच, आणि त्याच्या कॅसेटही वेगळ्या. पडद्यावर लाखो खेळांची यादी यायची, प्रत्यक्षात मोजकेच खेळ पुन्हापुन्हा, कधी मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारे. हे फेरफार करणारे अनामिक होते; कुठलीही कंपनी ते पुन्हा बाजारात आणणार नाही. अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत, असं तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली दाखवून दिलं. रीतसर निघालेल्या खेळांची ही अवस्था, तर या कॅसेटना वाली कोण?

सगळे खेळ मोबाइलवर मिळतात, हा दुसरा आक्षेप. खेळ मिळतो, यंत्र मिळत नाही. बदकं मारायची ती बंदूक घ्या. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो टिपतो. हे पिक्चर ट्यूबवर जमतं, कारण तिथे चित्र ठरल्या क्षणी उमटतं. आजच्या सपाट टीव्हीवर ते उशिरा येतं आणि प्रत्येक नेम चुकतो. म्हणजे संचासोबत जुना टीव्हीही जपावा लागणार. त्यात स्वस्त संचांतली मुख्य चिप बोर्डावरच्या काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली बंद असते. ती जळली की बदलता येत नाही, दुसऱ्या संचाचा अख्खा बोर्डच काढावा लागतो. म्हणून एक संच ठेवून भागणार नाही, सुट्या भागांसाठी बंद पडलेलेही गोळा करायला हवेत.

कायद्याचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. भारतात कॉपीराइट प्रकाशनानंतर किमान 60 वर्षं टिकतो, म्हणजे 1985 चा सुपर मारिओ निदान अजून दोन दशकं कुणाचीही मोकळी मालमत्ता नाही. 2012 च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल साठवणीची मुभा दिली खरी, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तरच. पुस्तकाला ही अट पुरी करता येते. जन्मतःच डिजिटल असलेल्या कॅसेटला ती कधीच पुरी करता येणार नाही. ही अट बदलायला हवी, आणि ती मागणी ग्रंथालय चळवळीने करावी. तोवर वस्तू जपायला अडचण नाही; कपाटात संच ठेवल्याने नवी प्रत निघत नाही. घाई मात्र आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमही आहेत. नियम चांगलाच आहे, पण रीतसर पुनर्वापरात गेलेला संच परत येत नाही.

जिल्हा ग्रंथालयात एक कपाट आणि एक चालू पिक्चर ट्यूब टीव्ही, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. त्याआधी गाठायला हवेत ते टीव्ही मेकॅनिक. ट्यूबच्या टीव्हीची दुरुस्ती येणारे हात आता वयस्कर झाले आहेत, आणि आयटीआयच्या मुलांनी ते काम त्यांच्या शेजारी बसून शिकायचं तर ते याच काही वर्षांत शिकता येईल.